सरपोतदारांचा भाडेकरू

एखादा चित्रपट लोकप्रिय होणे आणि तो लोकांच्या नित्याच्या बोलण्यात मुरून जाणे, या दोहोंत मोठेच अंतर आहे. लोकप्रियतेची गणती तिकिटांच्या हिशेबाने करता येते, परंतु मुरलेल्या चित्रपटाची मोजदाद करावयाची तर कचेरीतील मधल्या सुट्टीत, लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या रांगेत आणि अलीकडे मोबाइलवरून हिंडणाऱ्या चेष्टेच्या चित्रांत कान व डोळे लावून बसावे लागते. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा या दुसऱ्या जातीचा चित्रपट होय. ज्यांचा त्या वर्षी जन्मही झालेला नव्हता अशी मुले आज उसने दिलेले पैसे बुडाले की ‘सत्तर रुपये वारले’ असे म्हणून मोकळी होतात, साडीच्या दुकानात लिंबू रंग दिसला की एकमेकींकडे पाहून हसतात, आणि दारावर अनोळखी थाप पडली की ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ असे घरातल्या घरात कोणीतरी पुटपुटतेच. ‘कल्ट’ ही उपाधी हल्ली फार स्वस्त झालेली आहे. पण मराठीत ती निःसंकोचपणे कोणाला द्यावयाची तर या चित्रपटाचा हक्क प्रथम पोहोचतो.

या चिरंजीवित्वाचे कारण विचारले असता बहुतेक जण संवादांकडे बोट दाखवतात. संवाद चटकदार आहेत, आणि ते अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे व सुधीर जोशी यांच्यासारख्या नटांच्या मुखी पडले हे त्यांचे भाग्य, यात शंका नाही. परंतु चटकदार संवादांचे विनोदी चित्रपट त्या दशकात मराठीत पैशाला पासरी निघत होते, आणि त्यांपैकी बहुतेकांचे नावसुद्धा आज कोणाच्या ओठी उरलेले नाही. तेव्हा उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे. माझ्या मते, ‘जागा’ हा या चित्रपटाचा खरा विषय असून, पुण्यात बाहेरून येऊन राहिलेल्या बहुतेक प्रत्येकाचा जागेच्या पायी कधी ना कधी पाणउतारा झालेला असल्यामुळे, दिग्दर्शक सचिन पिळगांवकर यांना प्रेक्षकाला आपल्या कटात सामील करून घेण्यास फारसे आयास पडत नाहीत. आणि एकदा कटात सामील झालेला इसम पुढे तीस-पस्तीस वर्षे झाली तरी त्या कटाचा अभिमान सोडीत नाही.

कथानक सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ओझरतेच सांगतो. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात विक्रेत्याची नोकरी करणारा धनंजय माने हा विश्वासराव सरपोतदार यांच्या खोलीत भाड्याने राहतो. धाकटा भाऊ शंतनू आणि सुधीर व परशुराम हे दोन मित्र एकामागून एक त्याच्या आश्रयाला येतात. मालकाला सुगावा लागतो आणि चौघांवर जागा सोडण्याची पाळी येते. पुढे लीलाबाई काळभोर यांच्या प्रशस्त बंगल्यात जागा आहे असे कळते, पण ती फक्त विवाहित जोडप्यांना; तेव्हा चौघांपैकी दोघे लुगडी नेसतात, परशुरामाची पार्वती होऊन ती धनंजयची बायको ठरते आणि सुधीरची सुधा होऊन ती शंतनूच्या संसाराला लागते.

सरपोतदार हे पात्र पुणेरी विक्षिप्तपणाचा मासला म्हणून हसण्यावारी नेले जाते. पुणेरी पाट्या आणि दुपारची एक ते चारची झोप यांवर आजवर इतके विनोद झालेले आहेत की त्यांत भर घालण्याची मला बिलकुल हौस नाही. परंतु असे घरमालक काही मुठेच्या पाण्याने घडत नाहीत, त्यांना तसे घडविण्यात कायद्याचा हात फार मोठा होता, हे विनोदकारांच्या सहसा ध्यानी येत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हे प्रमाण धरून जुन्या जागांची भाडी जणू गोठवून टाकली. युद्धकाळच्या टंचाईवरचा तो तात्पुरता इलाज होता, पण त्याची मुदत वाढत वाढत अर्धे शतक चालली. परिणाम असा झाला की पेठांतील वाड्यांचे भाडे पालिकेचा कर भागविण्यासही पुरेना, मालकांनी दुरुस्त्या थांबविल्या, भिंती वाकल्या, आणि खोली एकदा दिली की ती तीन पिढ्या परत येत नाही हे सत्य शहरातील प्रत्येक मालकाला उमजले. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या वस्तीची धूळधाण उडाली. एकीकडे विद्यापीठामुळे विद्यार्थ्यांचा आणि दुसरीकडे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे कामगार व कारकुनांचा लोंढा वाढत गेला. आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवानाधारक म्हणून जागेत राहत होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाल्यावर तर, ज्याला आपण तात्पुरते ठेवून घेतले तोच उद्या कायम वहिवाटीचा हक्क सांगेल, ही धास्ती मालकवर्गाच्या मनात घर करून बसली.

भाडेकरूच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्याने आत असलेला सुरक्षित झाला आणि बाहेर असलेला कायमचा बाहेर राहिला, असा हा विपरीत न्याय होता. शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात तारखांवर तारखा घेणारे मालक आणि कूळ यांची प्रकरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना सरपोतदारांच्या डोळ्यांतील संशय हा केवळ स्वभावदोष वाटणार नाही. आणि अशा धास्तावलेल्या मालकापुढे जो सर्वांत नालायक उमेदवार उभा राहतो तो म्हणजे सडाफटिंग तरुण: त्याच्याकडे ना बायको, ना भांडीकुंडी, ना अब्रूची जामीनकी. चित्रपटात यांतील एकाही कलमाचा उच्चार होत नाही, आणि व्हावयासही नको. परंतु १९८८ सालच्या प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला ही सारी पूर्वपीठिका अनुभवाने मुखोद्गत होती, म्हणूनच चौघांची लबाडी त्याला लबाडी न वाटता प्रतिकार वाटली.

आता कटाकडे वळू. रहस्याच्या आधारावर उभा राहिलेला चित्रपट पहिल्या भेटीतच आपली बहुतेक पुंजी खर्चून बसतो. खुनी कोण हे कळल्यावर त्याच्याकडे परत जावे ते केवळ शिष्टाचार म्हणून. ‘बनवाबनवी’त प्रेक्षकापासून काहीही, अगदी एक क्षणभरसुद्धा, लपविलेले नाही. पार्वती कोण, सुधा कोण, कोण कोणाचा नवरा नाही, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे; ठाऊक नाही ते लीलाबाईंना, त्यांच्या भाचीला, दुकानाच्या मालकीणबाईंना. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला जसे द्रौपदीवस्त्रहरणात पुढे काय होणार हे पाठ असते, आणि पाठ असते म्हणूनच तो कृष्ण येण्याच्या जागेवर सावरून बसतो, तसा हा प्रेक्षक प्रत्येक खेपेस संकटाच्या जागेवर सावरून बसतो. पुनरावृत्तीने अशा चित्रपटाची गोडी उणावत नाही, उलट वाढते. ध्वनिचित्रफितींच्या दुकानांपासून केबलपर्यंत आणि पुढे मराठी वाहिन्यांवरील असंख्य रविवारांपर्यंत हा चित्रपट न कंटाळता पाहिला गेला, त्याचे रहस्य, रहस्य नसण्यात आहे.

ही रचना कोठून आली, याचा शोध मोठा मौजेचा आहे. मूळ बंगाली कथाबीज शैलेश डे यांचे. त्यावरून हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट केला, ज्यात बिस्वजीत व मेहमूद यांच्या भूमिका होत्या आणि जो आज अभ्यासकांखेरीज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या मुखर्जींच्या ‘मझली दीदी’त एक बालनट होता, त्याचे नाव सचिन. गुरूच्या विस्मृतीत गेलेल्या चित्रपटाचा जीर्णोद्धार शिष्याने करावा आणि तो मुळाहून उंच व्हावा, असे प्रसंग आपल्या चित्रसृष्टीत विरळाच. परंतु या यशाचा मोठा वाटा पटकथा-संवादलेखक वसंत सबनीस यांच्याकडे जातो. ज्या लेखकाने १९६५ मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहून दादा कोंडके यांच्या हाती कोतवालाची फजिती सोपविली आणि १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ रचला, त्याला वगाचे मर्म सांगावयास नको होते: सोंगाड्या राजदरबारात अधिकाऱ्याला बिनदिक्कत थाप मारतो, समोरच्या लोकांना ती थाप आहे हे माहीत असते, आणि अधिकाऱ्याला ती जितकी खरी वाटते तितका लोकांचा आनंद द्विगुणित होतो. सबनीसांनी काय केले, तर कोतवालाच्या जागी घरमालक बसविला. हिंदीतील भाडोत्री प्रहसनाला मराठी वगाची घडण मिळाली, आणि दरबाराची सत्ता आता खोलीच्या कुलपाच्या किल्लीत एकवटली. पुढे तेलुगूत १९९१ साली, कन्नडमध्ये २००३ साली आणि पुन्हा हिंदीत २००९ साली याच कथेची नवी रूपे निघाली. ती त्या त्या ठिकाणी चालली असतील, पण त्यांच्या मागे वगाची ही परंपरा नव्हती.

पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची परंपरा मात्र खास आपल्या घरची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली याच पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले, तेथून पुढे दोन पिढ्या मराठी रंगभूमीवरील नायिका पुरुष होते; आणि त्यांतील सर्वश्रेष्ठ नायिका जे बालगंधर्व, त्यांची जन्मशताब्दी १९८८ सालीच पडावी, हा योगायोग मला नेहमी अर्थगर्भ वाटत आला आहे. बालगंधर्वांच्या कलेचे सार्थक प्रेक्षकाला त्यांच्या पुरुषत्वाचा विसर पडण्यात होते. पार्वतीच्या बाबतीत असा विसर पडला तर विनोदच संपेल! येथे दिग्दर्शकाने केलेली विभागणी पाहण्याजोगी आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती क्षणोक्षणी उघडी पडण्याच्या बेतात असते, पदर सावरावा कसा हे तिला उमगत नाही आणि आवाज ऐन वेळी खाली घसरतो. उलट सचिन यांनी स्वतःकडे ठेवलेली सुधा इतकी बेमालूम आहे की तिच्यावर आलेले संकट यशाचे आहे, कारण ती स्त्री म्हणून जितकी मान्य होईल तितका सुधीर आपल्या प्रेमपात्रापासून दुरावत जाईल. एक सोंग फसण्याच्या भीतीत आणि दुसरे न फसण्याच्या भीतीत, अशी ही दुहेरी वीण आहे. आणि या दोघांना सांभाळणारा धनंजय, ज्याची जीभ कोणत्याही मालकापुढे अडखळत नाही, तोच ऐन ओळख करून देताना ‘हा माझा बायको’ असे बोलून जातो तेव्हा व्याकरणाची ती एक चूक साऱ्या बनावाचा पाया हादरवून टाकते.

एका खोट्यातून दुसरे खोटे कसे अटळपणे उपजते, हेही येथे तर्कशुद्धपणे दाखविले आहे. लग्न झाले म्हणजे संसार आला, संसार आला म्हणजे शेजारपाजारच्या चौकशा आल्या, आणि चौकशा आल्या म्हणजे अखेर पार्वतीचे डोहाळजेवणही आले. एरवी मराठी चित्रपटांत गाणे आले की कथा दाराबाहेर जाऊन उभी राहते; या डोहाळजेवणात मात्र गाणे हाच कथेतील सर्वांत धोक्याचा प्रसंग होऊन बसतो.

सचिन यांच्या कारकिर्दीचा विचार या एका चित्रपटाच्या उजेडात केला तर काही गोष्टी स्पष्ट होतात. राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये १९६३ साली अवघ्या पाच-सहा वर्षांच्या वयात ते कॅमेऱ्यासमोर आले, ‘गीत गाता चल’ (१९७५), ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८) आणि ‘नदिया के पार’ (१९८२) या चित्रपटांनी त्यांना हिंदीत सोज्ज्वळ नायकाचे स्थान मिळवून दिले. म्हणजे दिग्दर्शक होण्यापूर्वी दोन दशके ते मोठ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली उभे होते, आणि राजाभाऊ परांजपे व हृषीकेश मुखर्जी या दोघांकडून त्यांनी जे उचलले ते एकच: मध्यमवर्गीय घरातील चार भिंतींत नाट्य उभे करणे. १९८२ च्या ‘मायबाप’पासून त्यांनी मराठीत दिग्दर्शन आरंभिले, ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४), ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘आत्मविश्वास’ (१९८९), ‘एकापेक्षा एक’ (१९९०) अशी मालिका पुढे लागली. मराठी चित्रपटांसाठी १९७५ पासून सुरू झालेल्या करपरताव्याच्या योजनेने निर्मात्यांना जो आधार दिला, त्यावर त्या काळी चांगले-वाईट सर्वच पीक आले. या साऱ्यांतून सचिन यांची स्वतःची अशी खूण कोणती म्हणाल, तर अनेक माणसांना एका बंदिस्त जागेत कोंडावे आणि बाहेर पडण्याची वाट शक्य तितकी लांबवावी. ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१) मध्ये धनिकाचा रिकामा बंगला आहे, आणि तेथेही प्रश्न पुन्हा हाच, की घर कोणाचे आणि राहायचे कोणी. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मध्ये मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एस.टी. आहे. जेथे ही कोंडी जमली तेथे त्यांचा हात चालला, आणि जेथे त्यांनी मोकळ्या रानात नेले तेथे चित्रपट विसविशीत झाला, असे माझे निरीक्षण आहे.

त्यांच्या औदार्याची नोंदही केली पाहिजे. नट असलेला दिग्दर्शक सहसा मधली खुर्ची स्वतःसाठी राखून ठेवतो. येथे ती अशोक सराफ यांना दिली आहे, सर्वांत मोठे हशे बेर्डे यांच्याकडे गेले आहेत, आणि सुधीर जोशींच्या सरपोतदारांना थोडक्या प्रसंगांत अमरत्व मिळाले आहे. ‘महागुरू’ या बिरुदावरून आणि स्वतःविषयी भरभरून बोलण्यावरून तरुण पिढी हल्ली सचिन यांची पुष्कळ थट्टा करते. थट्टा करणाऱ्यांना माझी हरकत नाही. परंतु ज्या चित्रपटातील वाक्ये वापरून ती थट्टा चालते, तो चित्रपट त्यांनी इतरांच्या गुणांना वाव देऊन केलेला आहे, एवढे ध्यानात असावे.

दोष नाहीत असे कोण म्हणेल? प्रेमप्रकरणांच्या वेळी कथेची गती मंदावते. बळी हे खलपात्र ढोबळ आहे. चार नायिकांपैकी अश्विनी भावे यांची माधुरी, जी स्वतःच्या दुकानाची धनीण आहे आणि आपल्या नोकरावर स्वतःच अनुरक्त होते, तेवढीच खऱ्या अर्थाने व्यक्ती आहे, बाकीच्या तिघी जोड्या पुऱ्या करण्यासाठी आलेल्या आहेत. नयनतारा यांच्या लीलाबाईंकडे मात्र आपण सर्वांनीच दुर्लक्ष केले. एवढ्या मोठ्या बंगल्यातील ती एकाकी, मायाळू आणि तितकीच करारी बाई जर खरी वाटली नसती, तर तिला फसविणारे चौघे आपल्याला निखालस भामटे वाटले असते.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, करारांची नोंदणी सक्तीची झाली, आणि अकरा महिन्यांच्या मुदतीने मालकाला त्याचा ताबा परत मिळण्याची हमी आली. म्हणजे सरपोतदारांच्या भीतीचे कायदेशीर कारण जवळजवळ नाहीसे झाले. भीती मात्र राहिली, किंबहुना ती आता एकट्या मालकाची न राहता गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीच्या ठरावात जाऊन बसली आहे: ‘बॅचलर्सना जागा नाही.’ राज्यसेवेच्या परीक्षेसाठी लातूर, बीड, जळगावहून आलेली मुले सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत ‘कॉट बेसिस’वर राहतात, खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एकेका खोलीत चार-पाच धनंजय माने दाटीवाटीने अभ्यास करीत आहेत, आणि त्यांना हा चित्रपट तोंडपाठ आहे यात नवल ते काय?

आपल्या पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारापासून हाकेच्या अंतरावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. या चित्रपटाची केवळ वाक्ये सदऱ्यांवर छापून विकण्यापेक्षा, तेथे एखाद्या रविवारी सकाळी ‘बीवी और मकान’ आणि दुपारी ‘अशी ही बनवाबनवी’ असे दोन्ही खेळ लागोपाठ लावावेत, म्हणजे सबनीसांनी काय टाकले, काय घातले आणि सचिन यांनी ते कसे बसविले हे पडद्यावरच दिसेल. मधल्या तासाभरात एखाद्या जाणत्या वकिलाने १९४७ च्या भाडेकायद्यावर बोलावे. पेठांतील खाटाधारक विद्यार्थ्यांना प्रवेश विनामूल्य ठेवला, तर श्रोत्यांचा तुटवडा पडणार नाही, आणि दिवाणी दाव्यांतील जुने मालकही दोन-चार येतीलच.